गोलरक्षकाच्या निरोपाची बैठक कशी घ्यावी

८ ऑगस्ट २०२४ रोजी, नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी, भारताने पॅरिसमध्ये स्पेनला २-१ असे हरवून ऑलिम्पिकचे कांस्यपदक मिळवले आणि गोलरक्षक पी. आर. श्रीजेशने आंतरराष्ट्रीय हॉकीतले पॅड कायमचे उतरवले. त्या रात्री नाशिकमधल्या आमच्या ओळखीच्या प्रत्येकाच्या मोबाइलवर त्याचे छायाचित्र होते आणि दोन दिवसांनी ते कोणाच्याच मोबाइलवर नव्हते. हे काही बरे दिसत नाही, असे आम्हा चार-पाच जणांना वाटले आणि गंगापूर रोडवरील एका इमारतीच्या पार्किंगमध्ये पंधरा-सोळा माणसांची एक बैठक आम्ही घेतली. अशी बैठक इतरांनाही घेता यावी, आणि आम्ही केलेल्या चुका त्यांनी करू नयेत, म्हणून हे लिहीत आहे. उदाहरण श्रीजेशचे असले, तरी पद्धत कोणत्याही ज्येष्ठ हॉकीपटूच्या निरोपाला लागू पडेल.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. गोल करणाऱ्याचे नाव आणि मिनिट गुणपत्रकात छापले जाते. गोल अडवणाऱ्यासाठी तिथे रकानाच नसतो. स्पेनविरुद्धचे दोन्ही गोल कर्णधार हरमनप्रीत सिंगचे आहेत आणि ते पन्नास वर्षांनीही कागदावर सापडतील, पण त्याच सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत स्पेनला मिळालेल्या पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलात उभे राहून श्रीजेशने काय केले, हे ज्याने पाहिले त्याच्या आठवणीतच राहणार. गोलरक्षकाची सगळी कमाई म्हणजे न झालेले गोल. म्हणून त्याच्या निरोपाच्या बैठकीत पदकांची यादी वाचण्यात वेळ घालवू नये. ती कोणालाही मिळते. प्रत्येकाने स्वतः पाहिलेले थोडे क्षण सांगावेत आणि ते क्षण सर्वांनी मिळून तपासून घ्यावेत, एवढेच या बैठकीचे काम आहे.

खेळाडूने निवृत्ती आधी जाहीर केली असेल, तर तयारी शेवटच्या स्पर्धेपासूनच सुरू करावी. पॅरिस ही आपली शेवटची स्पर्धा असेल, हे श्रीजेशने २२ जुलै २०२४ रोजी सांगितले होते. म्हणजे ज्यांना लक्ष देऊन पाहायचे होते, त्यांना पुरेशी सूचना मिळाली होती. प्रत्येक सामन्यानंतर वहीत चार ओळी लिहाव्यात: सामना कुठे पाहिला, सोबत कोण होते, आणि गोलरक्षकाची कोणती एक हालचाल लक्षात राहिली. आमच्यापैकी एकाच काकूंनी हे केले होते. ४ ऑगस्टच्या रविवारी, दीप अमावस्येला, दुपारी दीड वाजता ग्रेट ब्रिटनविरुद्धची उपांत्यपूर्व लढत सुरू झाली तेव्हा त्या दिवे घासायला बसल्या होत्या आणि शूटआउट, म्हणजे बरोबरीनंतरची एकास-एक झुंज, संपेपर्यंत एकच समई घासत राहिल्या, असे त्यांच्या वहीत लिहिलेले आहे. बाकी आम्ही सारे 'काय भारी खेळला' याच्यापुढे फारसे काही आणू शकलो नाही.

दिवस ठरवताना २९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस, म्हणजेच राष्ट्रीय क्रीडा दिन, सहज सुचतो. मात्र तो आठवड्याच्या मधल्या वारी आला, तर नोकरदार माणसे येत नाहीत. त्या वर्षी तो गुरुवारी होता, म्हणून आम्ही पुढचा रविवार घेतला. गणपती बसण्याआधी बैठक उरकणे आवश्यक आहे. एकदा मंडळांची धावपळ सुरू झाली की पुढचे दहा दिवस माणूसही मिळत नाही आणि मांडवाबाहेर जागाही मिळत नाही. नाशिकचा पाऊस लक्षात घेता गच्चीचा विचार करू नये. इमारतीचे झाकलेले पार्किंग सर्वांत सोयीचे. फक्त गाड्या हलवण्याची विनंती आदल्या रात्री लिफ्टपाशी चिकटवावी आणि सकाळी दारोदार जाऊन ती पुन्हा तोंडी करावी. चहा आणि चिवडा पुरे. मिसळ ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मग बोलणे हॉकीवरून तर्रीवर जाते आणि परत येत नाही.

बोलावताना निव्वळ चाहते गोळा करू नयेत. ज्याने कधीतरी खरोखर गोलात उभे राहून चेंडू अंगावर घेतला आहे, असा एक तरी माणूस हवा. आम्हाला देवळालीच्या बाजूला राहणारे, सैन्यातून निवृत्त झालेले एक काका मिळाले. रेजिमेंटच्या संघात ते गोलरक्षक होते. त्यांच्याशिवाय ही बैठक म्हणजे क्रिकेट पाहणाऱ्यांनी हॉकीवर मारलेल्या गप्पा ठरली असती. त्याशिवाय शाळेतले एक क्रीडाशिक्षक, साठी ओलांडलेले दोघे-तिघे, आणि ज्यांना १६ नंबरचा शर्ट एवढेच ठाऊक आहे अशी पाच-सहा मुले असावीत.

आता आकड्यांविषयी, कारण आमची पहिली फजिती तिथेच झाली. आम्ही छोटा फलक छापून घेतला आणि त्यावर '३३६ गोल अडवणारा श्रीजेश' असे मोठ्या अक्षरांत लिहिले. ३३६ ही त्याच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांची संख्या आहे. अडवलेल्या गोलांचा तसा काही हिशेब नसतो. मजकूर मीच दिला होता, त्यामुळे दोष छपाईवाल्यावर ढकलण्याचीही सोय नव्हती. 'गोल अडवणारा' या शब्दांवर पांढरी पट्टी चिकटवून वर हाताने 'सामने खेळलेला' असे लिहिले आणि फलक तसाच लावला. तेव्हापासून माझा नियम असा की छापायला देण्याआधी प्रत्येक आकड्यापुढे 'कशाचा?' हा प्रश्न विचारावा आणि उत्तर दोन ठिकाणी जुळल्याशिवाय आकडा वापरू नये.

भाषेचाही एक मुद्दा इथेच उरकतो. खेळाडूला 'तो' म्हणावे की 'ते', यावर आमच्याकडे दहा मिनिटे गेली. मैदानावरच्या खेळाविषयी बोलताना मराठीत 'तो'च शोभतो, त्यात अनादर नसून जवळीक आहे. मानपत्र किंवा पत्र लिहायचे असेल, तर तिथे 'आपण' वापरावे. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नये.

क्षण निवडताना तीनच निवडावेत आणि तिन्हींचे चित्रण आधी पाहून ठेवावे. आम्ही इंचिऑन, टोकियो आणि पॅरिस असे तीन घेतले.

इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत २ ऑक्टोबर २०१४ रोजी अंतिम सामन्यात पाकिस्तानशी १-१ अशी बरोबरी झाली, शूटआउटमध्ये भारत ४-२ असा जिंकला, आणि त्यात श्रीजेशने दोन प्रयत्न अडवले. आशियाई सुवर्णपदक १६ वर्षांनी आले आणि रिओ ऑलिम्पिकचा प्रवेशही त्याच विजयाने मिळाला. हा क्षण सांगताना बहुतेक लोक 'पेनल्टी स्ट्रोक अडवले' असे म्हणतात. ते तिथल्या तिथे दुरुस्त करावे. स्ट्रोकमध्ये चेंडू गोलापासून सुमारे साडेसहा मीटरवर ठेवलेला असतो आणि गोलरक्षकाला फटका लागेपर्यंत रेषा सोडता येत नाही. शूटआउटमध्ये आक्रमक २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो, त्याच्याकडे ८ सेकंद असतात, आणि गोलरक्षक पुढे धावून येऊ शकतो. श्रीजेशचे सगळे कसब या पुढे येण्यात होते, त्यामुळे हा फरक सांगितल्याशिवाय त्याचा खेळ समजत नाही.

टोकियोचा क्षण सर्वांना पाठ असतो. ५ ऑगस्ट २०२१, आपल्याकडे सकाळचे सात, जर्मनीविरुद्ध १-३ अशी पिछाडी, मग ५-४ अशी आघाडी, आणि सात सेकंदही उरले नसताना जर्मनीला मिळालेला पेनल्टी कॉर्नर. तो फटका श्रीजेशने अडवला आणि १९८० च्या मॉस्कोनंतर ४१ वर्षांनी भारताला हॉकीचे ऑलिम्पिक पदक मिळाले. नंतर तो गोलपोस्टवर चढून बसला, ते छायाचित्र प्रत्येकाला आठवते. यावर फार वेळ घालवू नये, कारण प्रत्येकजण तेच सांगतो. त्याऐवजी त्या फटक्याआधीच्या दहा सेकंदांत भारताचे बचावपटू कसे उभे होते, हे चित्रणात पाहायला सांगावे.

पॅरिसच्या ब्रिटनविरुद्धच्या लढतीने आम्हाला खरा धडा दिला. कॉलेजात शिकणारा एक मुलगा ठामपणे म्हणाला की शूटआउटमध्ये श्रीजेशने दोन फटके अडवले. सर्वांनी माना डोलावल्या. मलाही तसेच आठवत होते. चित्रण लावले तेव्हा दिसले की ब्रिटनचे पहिले दोन प्रयत्न गोलात गेले, कॉनर विल्यमसनचा फटका लक्ष्य चुकला, आणि फिल रोपरचा तेवढा श्रीजेशने अडवला. भारताचे चारही प्रयत्न यशस्वी झाले आणि ४-२ अशी सुटका झाली. मुलगा थोडा खट्टू झाला. तेव्हा देवळालीचे काका म्हणाले, "अरे, तो चुकला म्हणजे काय आपोआप चुकला का? पुन्हा लाव, आणि या वेळी चेंडूकडे बघू नकोस, गोलीकडे बघ." पुन्हा लावले. श्रीजेश त्याच्यावर चालून जातो, कोन आवळत नेतो, आणि फटका मारणाऱ्यासमोर मोकळी दिसणारी जागा क्षणाक्षणाला कमी होत जाते. गुणपत्रकात 'चुकला' एवढेच येते. अडवलेला एक आणि चुकायला लावलेला एक, असे आमच्या वहीत शेवटी लिहिले गेले, आणि मला वाटते ते बरोबर आहे.

याच सामन्यात १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि उरलेली सुमारे ४३ मिनिटे भारत दहा जणांनिशी खेळला, हे सांगायला विसरू नये. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरेषेवरून सर्वांत आधी सुसाट धावत जाऊन फटका मारणाऱ्याच्या अंगावर जाणारा खेळाडू म्हणजे हाच रोहिदास. तो बाहेर गेल्यावर गोलरक्षकापुढची पहिली भिंतच निघाली होती. निर्धारित वेळेत निकाल १-१ राहिला, त्याचे मोल हे कळल्याशिवाय ठरत नाही.

चित्रण कितीही दाखवले, तरी पडद्यावर सगळे सोपे दिसते. म्हणून पुढचा भाग अवश्य करावा. आमच्या बैठकीतला तोच सर्वांत चांगला तास होता. हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो, म्हणजे ढोबळमानाने बारा फूट बाय सात फूट. पार्किंगच्या भिंतीवर खडूने ही चौकट आखावी. क्रीडाशिक्षकांनी त्यांच्या ओळखीच्या एका शाळेतून गोलरक्षकाचे जुने किट आणले होते. पायांवरचे जाड फोमचे पॅड, बुटांवर चढवायचे किकर, छातीचे कवच, दोन हातांचे दोन वेगळे मोजे आणि हेल्मेट. फोमच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या आणि हेल्मेटच्या आत वर्षानुवर्षांच्या घामाचा वास बसलेला होता. आठवीतल्या एका मुलीला ते चढवायला काकांना आणि शिक्षकांना मिळून बारा मिनिटे लागली, कारण डाव्या पॅडचा खालचा पट्टा तुटलेला होता आणि तो सुतळीने बांधावा लागला. ती चौकटीत उभी राहिली, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना इतकी भिंत उरली की मघापासून चिवड्यात गुंग असलेली माणसेही बघायला लागली.

मग अंतर मोजावे. गोलापासून डीच्या, म्हणजे गोलासमोर आखलेल्या अर्धवर्तुळासारख्या भागाच्या, टोकापर्यंत १४.६३ मीटर होतात. आमच्या पार्किंगमध्ये तेवढी लांबी जेमतेम बसली. टोकाला लिफ्टचे दार आले. पेनल्टी कॉर्नरला चेंडू मागच्या रेषेवरून ढकलला जातो, डीच्या बाहेर थांबवला जातो, आणि तिथून आत ओढून ड्रॅग फ्लिक, म्हणजे स्टिकने ओढत भिरकावलेला फटका, सुटतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू हे अंतर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. हा हिशेब फळ्यावर न करता हाताने दाखवावा: एकाने लिफ्टपाशी टाळी वाजवायची, दुसऱ्याने लगेच भिंतीपाशी, आणि मधल्या वेळात मुलीने ज्या कोपऱ्याचे नाव घेतले जाईल तिकडे हात न्यायचा. तिला एकदाही जमले नाही. खरा चेंडू मात्र चुकूनही वापरू नये. तो सुमारे १६० ग्रॅमचा आणि दगडासारखा कठीण असतो, आणि पार्किंगमध्ये इतरांच्या गाड्यांच्या काचा असतात. आम्ही टेनिसचा चेंडू आणला होता, तोही काकांनी फक्त घरंगळत सोडला.

तिने हेल्मेट काढल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा: "काका, चेंडू दिसल्यावर हलायचं की आधीच?" काकांनी उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. त्यांचे म्हणणे असे की चेंडू पाहून हलायला वेळच नसतो. फटका मारणाऱ्याचा खांदा, पायाचा कोन आणि स्टिकचे तोंड पाहून गोली आधी ठरवतो आणि मग चेंडू येतो. हे ठरवणे वर्षांनी पिकते. म्हणूनच ३६व्या वर्षीचा श्रीजेश चपळाईने थोडा कमी झाला असेल-नसेल, पण फटका आधीच वाचण्यात तरुणपणापेक्षा पुढे गेला होता. हे ऐकताना मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू असावे. आमचे नव्हते, आणि त्याची मला आजही चुटपुट आहे.

ज्येष्ठांच्या आठवणी यानंतर घ्याव्यात, आधी नको. आधी घेतल्या तर बैठक १९७५ च्या क्वालालंपूरमध्ये, भारताने जिंकलेल्या विश्वचषकातच, अडकते. त्यांना 'पूर्वीचे खेळाडू कसे होते' असे मोघम विचारू नये. 'तुम्ही रेडिओ कुठे ठेवून ऐकला?' असे विचारावे, म्हणजे घर, माणसे आणि सामना सगळे आपोआप येते. तुलनेचा वाद होणारच. शंकर लक्ष्मण १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये खेळले आणि १९६४ च्या टोकियोत पाकिस्तानवर १-० असा विजय मिळाला तेव्हा गोलात तेच होते. ते थोर की श्रीजेश, यावर आमच्याकडे आवाज चढले. त्या काळी नैसर्गिक गवत होते, हेल्मेट नव्हते. ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम मैदान १९७६ च्या माँट्रिअलपासून आले आणि चेंडूचा वेगच बदलला. दोघांची परीक्षा वेगळी होती, एवढे मान्य करून पुढे जावे. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई स्पर्धेतला पाकिस्तानविरुद्धचा १-७ असा पराभव आणि त्यानंतर गोलरक्षक मीर रंजन नेगी यांच्या वाट्याला आलेली बदनामी हाही विषय निघतो; तो निघू द्यावा. संघ हरला की बोट कोणाकडे जाते, हे मुलांना त्यातून कळते.

आपल्या धनराज पिल्लेचा विषय महाराष्ट्रात टाळता येत नाही आणि टाळूही नये. खडकीत वाढलेला, चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळलेला, १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार असलेला हा खेळाडू. त्याला श्रीजेशसारखा ठरवून दिलेला, हरमनप्रीतच्या खांद्यावर बसून घेतलेला निरोप लाभला नाही. एका काकांनी हे सांगताना डोळे पुसले. त्या वेळी कोणी काही बोलू नये.

उणी बाजू बैठकीत आली नाही, तर ती बैठक आरती होते. श्रीजेश ज्या संघात होता तो २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये एकही सामना न जिंकता बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला. २०१७ मध्ये मलेशियातल्या अझलन शाह स्पर्धेत त्याचा गुडघा दुखावला आणि तो अनेक महिने बाहेर बसला. ८ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताला ७-० असे हरवले. पॅरिसचे कांस्य त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला आले. हे सगळे मुलांसमोर सांगावे. वडिलांनी किटसाठी गाय विकली, ही एर्नाकुलमजवळच्या किळक्कंबलम गावची गोष्टही सांगावी, मात्र तिच्यावर बैठक संपवू नये. गाय विकणारे बाप आपल्याकडेही पुष्कळ आहेत, त्यापुढची चोवीस वर्षे काय झाले हा खरा विषय आहे. तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा क्रीडा प्रशालेत तो गेला तेव्हा धावणे, लांब उडी, व्हॉलीबॉल असे सगळे करून पाहिल्यावर गोलात उभा राहिला, हे सांगितले की क्रीडाशिक्षकांना पुढे बोलायला विषय मिळतो.

वारशाबद्दल बोलायचे तर शब्द कमी आणि वस्तू जास्त हव्यात. हॉकी इंडियाने वरिष्ठ संघातून १६ क्रमांकाचा शर्ट निवृत्त केला आणि श्रीजेशकडे कनिष्ठ संघाचे प्रशिक्षकपद दिले. कनिष्ठ संघात मात्र तो क्रमांक कायम ठेवला, आणि मला हा निर्णय शर्ट निवृत्त करण्याहूनही जास्त आवडला.

बैठकीची वही त्याच आठवड्यात स्वच्छ अक्षरात उतरवून काढावी. प्रत्येक आठवणीखाली सांगणाऱ्याचे वय आणि सामना पाहिल्याची जागा लिहावी, आणि तपासून चुकीची ठरलेली आठवण खोडू नये. तिच्या शेजारी दुरुस्ती लिहावी, कारण लोकांना काय आठवत होते हीसुद्धा नोंदच आहे. एक प्रत किट देणाऱ्या शाळेला द्यावी, एक जवळच्या वाचनालयात विचारून ठेवावी. किट परत करताना पुसून, उन्हात वाळवून द्यावे. ऊन नसेल तर पंख्याखाली दोन दिवस. आणि डाव्या पॅडचा तो पट्टा सुतळीसकट परत पाठवू नये. आम्ही तो दप्तरे शिवणाऱ्याकडून जाड दोऱ्याने शिवून घेतला, तीस रुपये पडले.